तीन माणसे आणि एक गर्दी : गोंदियाच्या लोहमार्गावरून पाहिलेली हॉकी

५ ऑगस्ट २०२१ची सकाळ. धानाची रोवणी ऐन भरात होती, महाविद्यालये करोनामुळे अजून पडद्यावरच चालली होती, आणि आम्ही दोघे आमगाव रस्त्यावरच्या एका चहाटपरीपाशी, एका मोबाइलभोवती जमलेल्या वीस-पंचवीस माणसांत उभे होतो. टोकियोत भारत आणि जर्मनी यांच्यात कांस्यपदकाचा सामना चालू होता. ५-४ अशी आघाडी होती, सहा सेकंद उरले होते आणि जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला. त्यानंतर जो गलका झाला तो शेजारच्या बांधीत चिखलात वाकलेल्या बायांनीही मान वर करून ऐकला असावा. एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पदक आले होते. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

त्या गर्दीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड होते. सगळे जरा शांत झाल्यावर त्यांनी आम्हांला विचारले, "काय सर, तुमच्यातल्या कोणी मैदानात बसून हॉकी पाह्यली हाय का?" कोणाचाच हात वर गेला नाही. आमचाही नाही. आम्ही दोघेही चाळिशी ओलांडलेले. एकाचे बालपण रेल्वेच्या वसाहतीत गेले, दुसऱ्याचे धानाच्या बांधीवर. हॉकीवर चार वाक्ये बोलण्याची वेळ आली तर आम्ही न अडखळता बोलू शकतो. ध्यानचंद, क्वालालंपूर, धनराज पिल्ले ही नावे आमच्या ओठांवर असतात. पण खेळ पाहिलेला नाही. पंधरवड्यानंतर त्याच टपरीवर आम्ही मुद्दाम विषय काढला, तेव्हा चर्चा इंग्लंडमधील क्रिकेटच्या कसोटीची चालली होती.

आमचे लोक लहरी आहेत, असे यावर म्हणण्याची रीत आहे. क्रीडाविषयक लेखनात हा आरोप इतक्या वेळा येतो की तो सिद्ध करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. आम्हांला तो तपासून पाहावासा वाटला, आणि तोही गोंदियासारख्या ठिकाणाहून, जिथे हॉकीचा म्हणावा असा इतिहास नाही पण हॉकीच्या इतिहासातला एक मोठा रस्ता अगदी दारावरून जातो.

हा रस्ता म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वे. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लहान मापाचा मार्ग १८८०च्या दशकात तयार झाला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि १९००पर्यंत तो हावड्यापर्यंत सलग जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे आणि नागभीडमार्गे चांद्याकडे अरुंद मापाचे फाटे निघाले. गोंदिया जंक्शन झाले ते असे. धानाच्या गिरण्या, तेंदूपत्ता, विडीचे कारखाने हे सारे त्या जंक्शनाच्या आधाराने वाढले. जिल्हा तेव्हा भंडारा होता. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

रेल्वेबरोबर वसाहती आल्या आणि वसाहतींबरोबर खेळ आले. कोलकात्याच्या गार्डन रीच येथे मुख्यालय आणि खरगपूरला कारखाना असलेल्या या कंपनीत अँग्लो-इंडियन नोकरवर्ग मोठा होता, आणि हॉकी हा त्या समाजाचा जवळजवळ कुलधर्म होता. बिलासपूरच्या वसाहतीत २५ मार्च १९२७ रोजी जन्मलेला लेस्ली क्लॉडियस हा मुळात फुटबॉल खेळणारा मुलगा. खरगपुरात रेल्वेच्या दोन संघांत सराव सामना व्हायचा होता, एक खेळाडू कमी पडला, आणि १९३२च्या ऑलिंपिक संघातले डिकी कार यांनी काठाशी उभ्या असलेल्या क्लॉडियसच्या हातात काठी दिली. त्या काठीने पुढे १९४८, १९५२ आणि १९५६ ची तीन सुवर्णपदके आणि १९६० चे एक रौप्यपदक मिळवले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या भुयारी रेल्वेच्या एका नकाशावर स्थानकांना थोर खेळाडूंची नावे दिली होती. त्यांत ध्यानचंद आणि रूपसिंग यांच्याबरोबर क्लॉडियसचेही नाव होते. बिलासपूरहून निघालेली गाडी गोंदियाला पोहोचायला चारेक तास लागतात. आम्ही वर्गात विचारून पाहिले: क्लॉडियस हे नाव एकाही विद्यार्थ्याने ऐकलेले नव्हते. खरे सांगायचे तर हा लेख लिहायला घेईपर्यंत आमच्यापैकी एकानेही नव्हते.

अरुंद मापाच्या फाट्याचे दुसरे टोक जबलपूर. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचा जन्म तिथला, १९०८चा. आणि पीअर्स बंधूंचाही. हे पाच भाऊ स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या कुटुंबासह ऑस्ट्रेलियात पर्थला गेले आणि त्या देशाच्या हॉकीचा पाया घालणाऱ्यांत गणले गेले. त्यांतला एरिक पीअर्स १९५६ ते १९६८ अशी सलग चार ऑलिंपिक खेळला. १९६८ साली मेक्सिकोत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताला २-१ असे हरवले. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारत नाही, असे १९२८नंतर प्रथमच घडले, आणि समोरच्या संघात जबलपूरला जन्मलेला माणूस होता. गोंदियाहून सुटणाऱ्या छोट्या गाडीच्या शेवटच्या स्थानकावरून हा खेळ उठून सातासमुद्रापार गेला, याची नोंद इथल्या गप्पांत कुठेच कशी राहिली नाही, याचे आम्हांला नवल वाटते. कदाचित वसाहतीच्या तारेच्या कुंपणाबाहेर तो कधी आलाच नसावा. कुंपणाबाहेरचा माणूस वाटेत थांबून पाहत असेल, घटकाभर टाळ्या देत असेल आणि आपल्या बैलबंडीने घरी जात असेल. त्याला लहरी म्हणावे काय?

कुंपण ओलांडलेली हॉकी पाहायची तर याच मार्गावर पूर्वेला शंभरेक किलोमीटर जावे लागते. आमगाव, सालेकसा, दरेकशाचा बोगदा, डोंगरगड आणि मग राजनांदगाव. बैरागी महंतांचे हे छोटे संस्थान. इथे संस्थानिकाचा आश्रय, कापडगिरणीचा कामगार आणि रेल्वे अशा तीन गोष्टी एकत्र आल्या. ही गिरणी पुढे बंगाल-नागपूर कॉटन मिल्स या नावाने ओळखली गेली. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तिथे झालेला दीर्घ संप प्रसिद्ध आहे. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेने या गावाला 'हॉकीची नर्सरी' असे नाव मिळवून दिले. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या महिला संघातून खेळलेली रेणुका यादव याच गावची. गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून याच गावातल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत आणि नागपुरात असत, म्हणून हा सगळा परिसर आम्हां मराठीच्या अध्यापकांना आपलाच वाटतो. मुक्तिबोध हॉकी पाहायला जात होते की नाही हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने निरर्थक. तरीही आम्हांला तो पडल्याशिवाय राहत नाही.

राजनांदगावची गर्दी कशाची बनलेली होती? आम्हांला असे दिसते की तिथे पाहणारा आणि खेळणारा बरेचदा एकाच पगारपत्रकावर होते. रेल्वे, पोलीस, सीमाशुल्क, गिरण्या यांचे संघ देशभर होते. या संस्था काठी चांगली चालवणाऱ्या मुलाला नोकरी देत. म्हणजे रविवारी जो उजव्या बाजूने चेंडू घेऊन धावला, तो सोमवारी सकाळी शेजारच्या साच्यावर किंवा इंजिनाच्या पायरीवर दिसे. त्याने कोणती संधी दवडली हे त्याला तोंडावर सांगता येई. अशा प्रेक्षकाचा उत्साह चंचल असू शकत नाही, कारण तो उत्साह नसतोच. ती शेजारधर्माची एक रीत असते. आश्रय देणारे संस्थान १९४८मध्ये विलीन झाले, गिरणी पुढे कायमची थंडावली, तरीही स्पर्धा टिकली, याचा अर्थ त्या रीतीने मुळे धरली होती.

आता चंचलपणाचा मूळ दाखला पाहू. तो गोंदियाचा नाही, मुंबईचा आहे. १० मार्च १९२८ रोजी भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ 'कैसर-ए-हिंद' या बोटीने मुंबईहून निघाला. त्यापूर्वी कोलकात्याला पहिली आंतरप्रांतीय स्पर्धा झाली होती. तीत संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि आमचा मध्य प्रांत असे पाच संघ उतरले होते. मुंबई नव्हती. इतकेच नव्हे, तर निघण्याआधी झालेल्या सामन्यात मुंबईच्या संघाने या ऑलिंपिक संघाला हरवले. निरोप द्यायला धक्क्यावर तीन माणसे होती: हॉकी महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. ध्यानचंदांनी आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. २६ मे रोजी ॲमस्टरडॅममध्ये हॉलंडला ३-० असे हरवून संघाने सुवर्णपदक जिंकले. स्पर्धेत २९ गोल केले, एकही होऊ दिला नाही. संघ परत आला तेव्हा त्याच मुंबईत बॅलार्ड पिअरवर माणसांचा पूर लोटला होता आणि स्वागताला महापौर डॉ. गोपाळराव देशमुख आले होते. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा १९३७चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे देशमुख.

तीन माणसे आणि मग ती गर्दी. ही कथा सांगताना सहसा गर्दीला हसण्याची प्रथा आहे. पण मार्चमध्ये त्या मुंबईकराला काय ठाऊक होते? पराभूत झालेला, परप्रांतीयांचा भरणा असलेला, कोणी फारसा न पाहिलेला एक संघ बोटीवर चढतो आहे, एवढेच. आकाशवाणी नव्हती, चित्रफिती नव्हत्या. त्या मार्चमध्ये धक्क्यावर जाण्यासाठी श्रद्धा लागली असती, आणि श्रद्धा उत्पन्न होण्यासाठी काही तरी पाहिलेले असावे लागते. मेमध्ये तारा आल्या, वर्तमानपत्रे आली. मग गर्दी आली ती खेळासाठी आली की विजयासाठी, हा प्रश्न उरतोच. परतंत्र देशाच्या माणसाला त्या दोहोंत फरक करता आला नसेल, आणि करावासा वाटलाही नसेल.

इथे आम्ही आमच्या परिसराकडे परत येतो, कारण लहरीपणाच्या आरोपाला सगळ्यांत भक्कम उत्तर इथे मिळते. दिवाळीतल्या भाऊबीजेपासून झाडीपट्टीत मंडया भरू लागतात. धान कापून झालेले असते, हाती थोडा पैसा असतो, रात्री थंड असतात. दंडार होते, नाटके होतात; वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या मंडळ्या उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव प्रयोग करतात आणि हजारो माणसे पहाटेपर्यंत उघड्यावर बसून ते पाहतात. दिवसा शंकरपट असतो: बैलांच्या जोड्या सरळ दाणीवरून सुटतात आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्या काही सेकंदांसाठी माणसे तीस-चाळीस किलोमीटरवरून येतात, पाहुणे घरी उतरतात, सोयरिकी जुळतात. कबड्डीचे सामने याच दिवसांत रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आमचा मुद्दा निराळा. सात वर्षे पट बंद राहिले. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा माणसे जणू काही मध्ये घडलेच नाही अशी येऊन बसली. हा प्रेक्षक चंचल कसा? त्याला ऋतू आहे, जागा आहे, आपली जोडी आहे. खेळ त्याच्या वर्षाच्या चक्रात बसलेला आहे.

हॉकीला आमच्याकडे असे स्थान मिळण्याची एक शक्यता होती. पावसाळा संपल्यावर सपाट, टणक झालेली मैदाने, तुतीची काठी, अकरा-अकरा पोरे. खर्च फारसा नाही. १९७६च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि ती शक्यता संपली. आदल्याच वर्षी, १५ मार्च १९७५ रोजी, क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून विश्वचषक जिंकला होता. जसदेव सिंह यांचे रेडिओवरील धावते वर्णन आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आठवते. माँट्रिऑलमध्ये तोच देश सातवा आला. पुढच्या वर्षांत कृत्रिम मैदान ही अट झाली. असे मैदान घालायला कोट्यवधी रुपये लागतात आणि त्याच्या जुन्या प्रकाराला प्रत्येक सामन्यापूर्वी भरपूर पाणी पाजावे लागते. ज्या जिल्ह्यात शेवटच्या पाण्यावाचून धान वाळते, तिथे मैदान भिजवण्याची कल्पना कोणाला पटवून द्यायची?

१९८२च्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानकडून ७-१ असा पराभव झाला आणि १९८३मध्ये क्रिकेटचा विश्वचषक मिळाला, म्हणून लोकांनी पाठ फिरवली, असे जे सांगितले जाते ते आम्हांला अपुरे वाटते. सात महिन्यांत कोणी आपला खेळ टाकत नाही. खेळ आधीच डोळ्यांसमोरून निघून गेला होता. दूरचित्रवाणीने त्यावर शिक्का मारला इतकेच. त्या ७-१च्या सामन्यात गोलरक्षक असलेले मीररंजन नेगी यांना लोकांनी जे ऐकवले ते मात्र क्षम्य नाही. तिथे चंचलपणाहून वाईट असे काही तरी होते. न पाहणाऱ्या माणसाला निकालाखेरीज दुसरे काही हाती लागत नाही, आणि निकालाला फक्त दोन बाजू असतात.

आमच्या स्वतःच्या पिढीची कसोटी २००७-०८ सालची. तोवर आम्ही नोकरीला लागलो होतो. १० ऑगस्ट २००७ रोजी 'चक दे! इंडिया' प्रदर्शित झाला आणि नेगींच्या आयुष्याशी त्याचे नाते जोडले गेल्याने पंचवीस वर्षांपूर्वीच्या गुन्हेगाराचा एकाएकी नायक झाला. ९ सप्टेंबरला चेन्नईत भारताने दक्षिण कोरियाला ७-२ असे हरवून आशिया चषक जिंकला. दोनच आठवड्यांनी, २४ सप्टेंबरला, वीस षटकांच्या क्रिकेटचा पहिला विश्वचषक आला आणि क्रिकेटपटूंवर राज्य सरकारांनी बक्षिसांची खैरात केली. तेव्हा प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो आणि कर्नाटकातले हॉकीपटू यांना उपोषणाचा इशारा द्यावा लागला. मार्च २००८मध्ये चिलीतल्या सँतियागो येथे ब्रिटनकडून ०-२ असा पराभव झाला आणि १९२८नंतर प्रथमच भारताचा पुरुष हॉकी संघ ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. आठ महिन्यांचा हा सगळा काळ. त्या आठ महिन्यांत आमच्या महाविद्यालयातल्या मुलींनी हॉकीचा संघ काढायचा म्हणून अर्ज दिला होता. चौदा नावे होती. चित्रपट पाहून आलेली लाट म्हणून आम्ही शिक्षकमंडळी गालात हसलो. काठ्या आल्या, पण शिकवणारे कोणी मिळाले नाही. वार्षिक स्नेहसंमेलनात त्याच काठ्या घेऊन चित्रपटातल्या गाण्यावर नाच झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या जिमखान्याच्या कपाटावर गेल्या. मुलींचा उत्साह टिकला नाही असा शेरा तेव्हा कोणी तरी मारला आणि आम्ही त्याला माना डोलावल्या. त्या मुली तीन महिने रोज संध्याकाळी दगड वेचून मैदान साफ करत होत्या, हे आम्ही गच्चीवरून पाहिले होते.

महाराष्ट्राच्या नावाने व्यावसायिक हॉकीत किती संघ झाले हेही पाहण्यासारखे आहे. २००५मध्ये प्रीमिअर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा धनराज पिल्ले यांचा 'मराठा वॉरियर्स' होता. २०१२च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत 'पुणे स्ट्रायकर्स' आणि 'मुंबई मरीन्स' होते. अंतिम सामना मुंबईत झाला, त्यात पुण्याचा संघ शेर-ए-पंजाबकडून हरला, आणि ती स्पर्धा त्या एकाच हंगामानंतर बंद पडली. २०१३च्या हॉकी इंडिया लीगमध्ये 'मुंबई मॅजिशियन्स' आला, २०१५च्या हंगामात त्याच्या जागी 'दबंग मुंबई'. २०१७नंतर ती लीगही थांबली. डिसेंबर २०२४मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. प्रेक्षकाने निष्ठा ठेवायची ती कोणावर? ज्या वयात मुलगा संघाच्या नावाची पाटी वहीवर रंगवतो, त्या वयात त्याच्या संघाचे नाव तीनदा बदललेले असते. लहर कोणाची, हे या यादीतून पुरेसे दिसते. याउलट विदर्भाचा क्रिकेट संघ वर्षानुवर्षे हरत राहिला, पण त्याच नावाने, त्याच नागपुरात हरत राहिला. १ जानेवारी २०१८ रोजी त्याने इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला तेव्हा आनंद साजरा करायला माणसे जागेवरच होती.

भाषेच्या अंगानेही हे तपासता येते, आणि तिथे आमचा थोडाफार अधिकार चालतो. क्रिकेट मराठीत आले तेव्हा मराठीने त्याला घरातले करून घेतले: फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, षटक, चौकार, षटकार, झेल, पायचीत, त्रिफळा, धावचीत. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आणि वि. वि. करमरकरांसारख्या क्रीडासंपादकांनी ही भाषा घडवली, रुळवली. त्रिफळा उडाला म्हणताना आपण औषधी चूर्णाशी खेळतो आहोत याचे भानही कोणाला राहत नाही, इतकी ती अंगवळणी पडली. हॉकीच्या वाट्याला काय आले? गोलरक्षक, मध्यरक्षक, आघाडीची फळी. म्हणजे फुटबॉलकडून उसने आणलेले कपडे. पेनल्टी कॉर्नर, ड्रॅग फ्लिक, ड्रिबल हे सारे जसेच्या तसे राहिले. ज्या खेळात चेंडू काठीला चिकटून असल्यासारखा धावतो, त्या कौशल्याला मराठीत एक शब्द नसावा? विटीदांडूतल्या डावाला आणि आट्यापाट्यांतल्या एकेका पाटीला नाव देणारी ही भाषा आहे. शब्द नाही याचा अर्थ वर्णन करावेसे वाटले नाही, आणि वर्णन करावेसे वाटले नाही कारण सांगणाऱ्याने पाहिले नव्हते. मराठी कथा-कादंबरीत आम्हांला हॉकीचे मैदान आठवून आठवून सापडत नाही, तेही यामुळेच असावे.

प्रेक्षकाने पाठ फिरवल्याचे दुःख आमच्या जिल्ह्याला नवे नाही. भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आणि इथली माणसे ते अभिमानाने सांगतात. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्याला न मानणाऱ्या समकालीनांना चिमटा काढून, आपला समानधर्मा पुढे कधी तरी, कुठे तरी जन्मेल असा भरवसा व्यक्त केला आहे. वर्गात हे शिकवताना आमची सहानुभूती नेहमी कवीकडे असते. पण सहृदयाची कल्पना ज्या काव्यशास्त्राने दिली, त्याने सहृदय आपोआप होतो असे कुठे म्हटले आहे? अभ्यासाने मनाचा आरसा लख्ख झालेला तो सहृदय, असे अभिनवगुप्त सांगतात. ज्याला अभ्यासाची संधीच मिळाली नाही त्या माणसाला अरसिक ठरवणे सोपे असते. नाटककाराला निदान पोथी मागे ठेवता येते. गोंदियाच्या वसाहतीतल्या एखाद्या फायरमनने १९४०च्या दशकात घेतलेली चेंडूची एखादी चाल कोणाच्या समानधर्म्याची वाट पाहील?

जानेवारी २०२३मध्ये विश्वचषकाचे सामने भुवनेश्वर आणि राउरकेला येथे झाले. राउरकेला आमच्याच मार्गावर आहे. मुंबई-हावडा मेलमध्ये गोंदियाला बसले की गाडी न बदलता तिथे उतरता येते. अंतर साधारण सहाशे किलोमीटर. भोवतालचा सुंदरगड जिल्हा आदिवासी खेळाडूंच्या कित्येक पिढ्यांचा. बिरसा मुंडा यांच्या नावाच्या त्या नव्या स्टेडियममध्ये सुमारे वीस हजार माणसे बसू शकतात. ओडिशा सरकारने २०१८पासून राष्ट्रीय संघांचे प्रायोजकत्व घेतले आहे. म्हणजे संस्थानिकाच्या आणि रेल्वेच्या जागी आता राज्य सरकार आले आहे, आणि ते किती दिवस राहील यावर पुष्कळ अवलंबून आहे.

टपरीवरचे ते निवृत्त गार्ड १३ जानेवारीच्या भारत-स्पेन सामन्याला गेले होते. त्यांनी आम्हांलाही चला म्हटले होते. आमच्याकडे पेपर तपासणीचे कारण होते. भारताने तो सामना २-० असा जिंकला. २२ तारखेला भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हरून भारत बाहेर पडला. परत आल्यावर त्यांनी निकालाविषयी काही सांगितले नाही, ते आम्हांला माहीत होतेच. त्यांनी आवाजाविषयी सांगितले. चेंडू लाकडी फळीवर आदळतो तेव्हा होणारा आवाज मोबाइलमध्ये निराळा येतो म्हणाले. खरा आवाज छातीत लागतो, इंजिनाचा डबा जोडताना लागतो तसा. डोंगरगडला असताना बायकोला न सांगता राजनांदगावला सामना पाहायला गेलो होतो, तेव्हा हाच आवाज होता. एवढे बोलून ते चहा पिऊ लागले. टपरीवर त्या दिवशी कोणी हॉकीचा विषय काढला नव्हता.

कपाटावरच्या काठ्या आम्ही खाली काढल्या आहेत. चौदांपैकी नऊ धड आहेत. दोघींच्या मुठीवर अजून मुलींनी गुंडाळलेली रंगीत चिंधी आहे. राजनांदगावच्या स्पर्धेच्या तारखा कळल्या की सांगतो, असे गार्डकाकांनी कबूल केले आहे. सकाळची गाडी आमगावला थांबते. डबा कोणी आणायचा हे आम्ही ठरवून ठेवले आहे.